सवलतीच्या वह्या आणि जूनचा पैसा

पालघरच्या किनाऱ्यावर जून महिना दोन तारखा घेऊन येतो. १ जूनला यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत बंद राहते. माशांच्या विणीचा हा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. १५ जूनच्या आसपास विदर्भ सोडून राज्यभरातल्या शाळा उघडतात. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी अशा गावांतल्या मच्छीमार घरांना त्यामुळे वर्षातली सगळ्यात मोठी शालेय खरेदी नेमकी होड्या शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हाच करावी लागते. उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील आणि जवळा विकून जे सुटेल, त्यावर घर चालायचे असते. नवापूरची स्थिती आणखी नाजूक आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीतून इथल्याच समुद्रात सोडले जाते, आणि त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. म्हणजे बंदी उठल्यावर तरी जाळ्यात काय लागेल, याची शाश्वती नाही. अशा महिन्यात बोईसरच्या बाजारात दुकानांबाहेर पाट्या लागतात: डझनावर सूट, तीन वह्यांवर एक मोफत, दप्तर घ्या आणि डबा फुकट न्या. पाटी वाचणाऱ्या आईला वाटते की हातात पैसा कमी आहे तेव्हाच ही सूट मिळते आहे, तर ती सोडू नये. हे वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेब मांडला तर तो बहुतेक वेळा उलटा निघतो, आणि ज्या घराला बचतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच घराला सवलतीची खरेदी सगळ्यात महाग पडते.

हिशेब सोपा आहे. समजा वहीवर छापील किंमत ६० रुपये आहे आणि डझन घेतल्यास २५ टक्के सूट आहे. बारा वह्यांचे ७२० रुपये व्हायचे, त्याऐवजी ५४० द्यावे लागतात. १८० रुपये वाचले असे दुकानदार सांगतो आणि पावतीवरही तसेच लिहिलेले असते. आता वर्षभरात त्या मुलाला खरोखर आठच वह्या लागल्या असे धरू. आठ वह्या पूर्ण छापील किमतीला, एक पैसाही कमी न करता घेतल्या असत्या, तर ४८० रुपये लागले असते. सूट घेऊन ६० रुपये जास्त गेले. २५ टक्के सुटीचा डझन परवडण्यासाठी त्यातल्या नऊपेक्षा जास्त वह्या वापरल्या गेल्या पाहिजेत. बरोबर नऊ वापरल्या तर ना नफा ना तोटा. हाच नियम कोणत्याही सुटीला लागू पडतो. जितके टक्के सूट असेल ते शंभरातून वजा करा, आणि उरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त माल वापरला जाणार असेल तरच ती सूट आपली. ‘तीनवर एक मोफत’ ही २५ टक्क्यांचीच सूट आहे. दोनच वह्या लागणार असतील तर तिथे एका वहीची किंमत वाया गेली. आणि दुकानदार एकेका वहीवरही पाच-दहा टक्के सोडत असेल, जे ओळखीच्या दुकानात सर्रास होते, तर डझनाची बाजू आणखी पडते. ६० ची वही सुटी ५४ ला मिळत असेल तर ५४० चा डझन दहा वह्या वापरल्यावर कुठे बरोबरीत येतो.

मग एवढे सोपे गणित बाजारात का सुचत नाही? वर्तनवादी अर्थशास्त्राने याचे उत्तर बऱ्यापैकी शोधले आहे. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९८५ च्या एका निबंधात म्हटले की खरेदीतून माणसाला दोन वेगळी समाधाने मिळतात. एक वस्तूच्या उपयोगाचे. दुसरे सौदा चांगला झाल्याचे, म्हणजे मनात धरलेल्या किमतीपेक्षा कमी पैसे दिल्याचे. हे दुसरे समाधान वस्तूच्या उपयोगावर अवलंबून नसते, आणि म्हणून ते निरुपयोगी वस्तूवरही तितकेच मिळते. थेलर यांनी आपल्या एका मैत्रिणीचे उदाहरण दिले आहे. ती पलंगावर घालायची रजई घ्यायला गेली. लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराच्या रजयांच्या किमती एरवी २००, २५० आणि ३०० डॉलर. सवलतीत तिन्ही १५० ला. तिने सगळ्यात मोठी घेतली. तिचा पलंग लहान रजईचा होता, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी लोंबत राहिली, तरी सौद्यावर ती खूश होती. चौथीतल्या मुलासाठी फुलस्केप आकाराच्या दोनशे पानी वह्यांचा गठ्ठा घेणाऱ्या घरात हेच घडत असते: फरक फक्त एवढाच की इथे हातून गेलेला पैसा दुसऱ्या एखाद्या गरजेचा असतो.

‘मोफत’ या शब्दाचा प्रभाव तर सुटीहूनही जास्त. डॅन अरिएली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांसमोर दोन चॉकलेटे ठेवली होती, एक उंची १५ सेंटला आणि एक साधे १ सेंटला. घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट निवडले. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली: उंची १४ सेंटला, साधे फुकट. दोन्हींतले अंतर तेवढेच राहिले होते, तरी आता ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. किंमत शून्य झाली की तुलना थांबते, कारण फुकट घेण्यात नुकसानीची शक्यताच दिसत नाही. दप्तरावर डबा मोफत मिळतो तेव्हा ग्राहक दप्तराच्या शिवणीकडे, पट्ट्यांच्या जाडीकडे, चेनीकडे नीट पाहत नाही. घरात दोन धड डबे आधीच आहेत, हेही त्या क्षणी आठवत नाही. आणि डब्याची किंमत दप्तराच्या किमतीत कुठेतरी बसवलेली असणारच.

सुटीचा आकडा ज्या किमतीवर मोजला जातो, ती किंमत कोण ठरवते हेही पाहायला हवे. वहीवरची कमाल किरकोळ किंमत उत्पादक छापतो. कायद्याने त्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत. पण ती किंमत वाजवी आहे याची हमी कायदा देत नाही, आणि त्याहून किती कमी घ्यावे यावर बंधनही नाही. छापील किंमत वाढवून ठेवली की हवी तेवढी सूट दाखवता येते. नवापूरची जी बाई रोज पाटी घेऊन बोईसरला मासे विकायला बसते, तिला भावात कोणी फसवू शकत नाही, कारण मासळीवर किंमत छापलेली नसते. कल्ले उघडून, बोटाने दाबून माल पाहिला जातो आणि भाव मालावरून ठरतो. वहीच्या बाबतीत मात्र माल न पाहता छापलेल्या आकड्यावरून भाव ठरवायला आपण सगळेच तयार होतो. वहीचे कल्ले म्हणजे तिच्या पानांची संख्या, कागदाची जाडी आणि आखणी. दोनशे पानी म्हणून मागितलेली वही हातात येते तेव्हा तिच्यावर १७२ किंवा १८० पृष्ठे छापलेली असू शकतात. १७२ पृष्ठांच्या वहीत दोनशेच्या मानाने १४ टक्के कागद कमी आहे, त्यामुळे तिच्यावरची दहा टक्के सूट ही सूटच नव्हे. कागद पातळ असेल तर शाई मागे उमटते आणि मूल पानाची एकच बाजू वापरते. तेव्हा वहीची किंमत दुप्पट झाली म्हणायची.

इथपर्यंत किमतीचे झाले. पण खरी अडचण गरजेची आहे, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गरज कोणालाच नीट माहीत नसते. कोणत्या विषयाला एकरेघी, कोणत्याला चारेघी, गणिताला चौकटीची की साधी, गृहपाठाची वही वेगळी की वर्गपाठाच्याच वहीत, हे वर्गशिक्षक ठरवतात आणि बहुतेक ठिकाणी शाळा उघडल्यावर सांगतात. सवलतीचा हंगाम मात्र त्याआधी ऐन भरात असतो. त्यातून जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात, शाळेच्या पहिल्याच दिवशी ती वाटण्याची पद्धत आहे, आणि पात्र मुलांना गणवेशही मिळतो. म्हणजे या घरांची खरी खरेदी वह्या, लेखनसाहित्य, दप्तर, छत्री किंवा रेनकोट आणि चपला एवढीच उरते. ती छोटी आहे म्हणूनच ती नेमकी करता येण्यासारखी आहे.

गरज घटवली तरी खरेदी घटत नाही, याचा एक मोठा दाखला अलीकडेच महाराष्ट्राने पाहिला. २०२३-२४ पासून राज्याने आठवीपर्यंतच्या बहुतेक वर्गांची बालभारतीची पुस्तके चार भागांत काढली आणि पाठांना जोडून ‘माझी नोंद’ या नावाची कोरी पाने घातली. हेतू चांगला होता: महत्त्वाच्या नोंदी पुस्तकातच होतील, वह्यांची संख्या घटेल, पालकांचा खर्च वाचेल आणि दप्तर हलके होईल. प्रत्यक्षात मुले वह्या आणतच राहिली. दप्तराचे ओझे उतरले नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने पुढील शैक्षणिक वर्षापासून कोरी पाने बंद करण्याचा निर्णय घेतला. या अपयशाचा दोष पालकांवर टाकणे बरोबर नाही. वर्गात वही मागितली जात असेल तर ती घ्यावीच लागते. पण शाळेने मागण्याच्या आधीच वह्या घरात येऊन पडतात, ही खरेदीची सवयही त्या कोऱ्या पानांच्या आड आली असणार असे मला वाटते. घरात बारा वह्या असल्या की त्यांना विषय शोधले जातात. शोधलेले विषय दप्तरात जातात. साधारण १८ बाय २४ सेंटिमीटरची १७२ पृष्ठांची वही, कागद चौरस मीटरला ५५ ग्रॅमचा धरला, तर पुठ्ठा सोडून दोनशे ग्रॅमची भरते. अशा आठ वह्या म्हणजे १.६ किलो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीच्या मुलाच्या संपूर्ण दप्तराची मर्यादा १.७ ते २.५ किलो आहे. त्यात पुस्तके, डबा आणि पाण्याची बाटली बसवायची आहे.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा येतो की वह्या काही मासळीसारख्या नासत नाहीत. यंदा उरल्या तर पुढच्या वर्षी वापरता येतील. काही वस्तूंबाबत हे मान्यच करायला हवे. लाकडी पेन्सिल वर्षानुवर्षे टिकते, कोरडी ठेवलेली एकरेघी वही पुढच्या इयत्तेतही चालते. पण किनाऱ्यावरच्या घरांचे हवामान ध्यानात घ्या. चार महिने ओल, वर्षभर खारा वारा. कागद हवेतला ओलावा शोषून घेतो, पाने फुगतात, कडा पिवळ्या पडतात आणि त्यावर पेनाची शाई फुटते. कंपासपेटीतले लोखंडी कर्कटक आणि दप्तराची धातूची चेन गंजते. प्लास्टिकचे खोडरबर पट्टीला किंवा डब्याला चिकटून तिथला भाग विरघळवते. जेल पेन आणि स्केच पेन न वापरताच सुकतात. शिवाय इयत्ता बदलली की आखणी बदलते. दुसरीच्या उरलेल्या चारेघी वह्या पाचवीतल्या मुलाच्या काय कामाच्या? आणि सगळे टिकले असे गृहीत धरले, तरी पुढच्या वर्षीच्या वहीत यंदाचा पैसा अडकून राहतो. ऐन बंदीत तो पैसा शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचलला असेल तर वर्षभरात शंभराचे १३६ होतात, आणि मग २५ टक्क्यांची कोणतीही सूट त्या व्याजाला पुरत नाही.

‘नंतर भाव वाढतील’ हा आक्षेप याच जातीचा. कागदाचे भाव चढतात हे खरे, पण उतरतातही. वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली, शार्पनर आणि खोडरबर यांवरचा कर शून्य केला. वह्यांवर तोवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून हा बदल लागू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये ज्यांनी दोन्ही सत्रांच्या वह्या एकदम भरून ठेवल्या, त्यांनी दुसऱ्या सत्राच्या वह्यांवरही तो कर भरला. एवढ्यावरून कोणी भविष्य वर्तवू नये, पण साठा करणे म्हणजे भावावर लावलेली पैज आहे, आणि पैज लावायची ती घरात वाढीव पैसा असेल तेव्हा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मनापासून पटतो. गरीब माणूस एकेक वस्तू सुटी घेतो म्हणून त्याला प्रत्येक वस्तू महाग पडते. ठोक खरेदीचा फायदा ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच मिळतो. मग त्यालाच ‘थोडे थोडे घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याला कायम महाग घ्यायला लावणे नाही का? हे खरे आहे, आणि म्हणून माझे म्हणणे सुटीच्या विरोधात नाही. ठोक भावाचा फायदा मिळवण्यासाठी एका घराने डझन घ्यावा लागत नाही. डझन कोणीतरी घेतला की पुरे. उमेद अभियानाखालचे महिला बचत गट या जिल्ह्यात आहेत, आणि बचत गटाला हे काम सहज जमण्यासारखे आहे. दहा घरांनी आपापल्या मुलांची यादी दिली, कोणाला चार वह्या, कोणाला सहा, कोणाला दोनच, की पन्नाससाठ वह्यांची मागणी तयार होते. मग बोईसरच्या दुकानदाराशी डझनाच्याही खालच्या भावात बोलता येते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट लेखनसाहित्याच्या ठोक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावत असल्याने बोईसरहून एक-दोघींना जाऊन येणे शक्य झाले आहे. एकाच घरासाठी हा फेरा परवडत नाही, कारण जाण्यायेण्यातला दिवस आणि तिकीट सुटीतूनच वजा होते; दहा घरांसाठी परवडतो. सूट ठोकाची मिळाली आणि घरात आले ते गरजेपुरतेच. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या वस्त्यांमध्येही, जिथे पगार हातात यायला महिन्याचा दुसरा आठवडा उजाडतो, हे असेच करता येईल.

राहिला मुलांच्या आनंदाचा प्रश्न. नव्या वहीचा वास, नावाची चिठ्ठी चिकटवणे, खाकी कव्हर घालणे यात शाळेबद्दलची ओढ असते. ती ओढ काटकसरीच्या नावाखाली मारू नये. वर्गात इतरांकडे चित्रांची कंपासपेटी असताना आपली गंजकी पेटी काढताना मुलाला जे वाटते, ते किरकोळ नाही. पण मुलाला आनंद देते ती त्याने स्वतः निवडलेली एखादी वस्तू. बाराव्या वहीने अकराव्या वहीपेक्षा जास्त आनंद झाला असे कोणी मूल सांगणार नाही. डझनात अडकलेल्या पैशातूनच एक बरी, धड बंद होणारी कंपासपेटी किंवा दोन्ही खांद्यांवर बसणारे, जाड पट्ट्यांचे दप्तर येऊ शकते, आणि त्यावर तडजोड करू नये. चांगले दप्तर तीन वर्षे चालते, वाईट दप्तर दिवाळीपर्यंत.

गरज मोजायची कशी, तर मागच्या वर्षीच्या वह्या उघडून. परीक्षा संपली की प्रत्येक विषयाच्या वहीत किती पाने कोरी राहिली ते पाहिले, तर पुढच्या वर्षीचा अंदाज कोणत्याही दुकानदारापेक्षा पक्का बांधता येतो. कोरी पाने काढून, दोऱ्याने शिवून त्यांची कच्ची वही करण्याची जुनी रीत बऱ्याच मराठी घरांना माहीत आहे. गणिताच्या सरावाला ती उत्तम. पण घराने कितीही मोजले तरी शाळेची यादी उशिरा आली तर अंदाज अंदाजच राहतो, आणि तिथे सुधारणा शाळेच्या हातात आहे. महाराष्ट्रात वार्षिक निकाल सर्वसाधारणपणे १ मे रोजी लागतो. त्याच दिवशी निकालपत्रकासोबत पुढच्या इयत्तेच्या वह्यांची यादी दिली, आकार, आखणी, पृष्ठसंख्या आणि कोणती वही पहिल्या सत्रात लागेल, कोणती दिवाळीनंतर, एवढे एका कागदावर लिहून, तर किनाऱ्यावरच्या घरांना पूर्ण मे महिना मिळतो. तेव्हा नौका समुद्रात असतात, मासळी बाजारात जाते, रोज काही ना काही पैसा घरात येतो. पहिल्या सत्राचे साहित्य त्या पैशातून येईल, आणि दुसऱ्या सत्राचे नारळी पौर्णिमेनंतर, नौका पुन्हा मासळी घेऊन येऊ लागल्यावर. शाळेला यासाठी एक पैसाही खर्च येत नाही.